दोन पुस्तके आणि एक घर

नामदेव ढसाळ आणि मलिका अमर शेख यांच्या सहजीवनाविषयी आपल्याकडे बोलले पुष्कळ जाते, परंतु त्यांची पुस्तके शेजारी ठेवून वाचली जात नाहीत. १९८१ साली ढसाळांना मायस्थेनिया ग्रेव्हिस हा आजार असल्याचे निदान झाले. १९८३ साली त्यांचा 'खेळ' हा स्त्री-पुरुष संबंधांच्या कवितेचा संग्रह आला आणि १९८४ साली मलिकाबाईंचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन आले. आजार, प्रेमाची कविता आणि प्रेमाविषयीची तक्रार, ह्या तिन्ही गोष्टी तीन-चार वर्षांत एकाच घरातून बाहेर आल्या. दलित समीक्षेने त्यांचा एकत्रित विचार केला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

हा आजार मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधला निरोप तोडतो. शरीराची प्रतिकारशक्तीच त्या सांध्यावर उलटते. पापण्या मिटू लागतात, घास गिळवत नाही, बोलता बोलता जीभ जड होते आणि बळावल्यास श्वास कोंडतो. ज्या माणसाने १९७२ साली 'गोलपिठा' लिहून मराठी कवितेची भाषा बदलली आणि त्याच वर्षी राजा ढाले, ज. वि. पवार यांच्यासह दलित पँथर उभी केली, त्याच्या वाणीवरच हा घाला होता. तरीही ढसाळ पुढे तीस वर्षांहून अधिक काळ लिहीत, बोलत राहिले. १५ जानेवारी २०१४ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. एवढा दीर्घ आजार कोणीही एकट्याने काढीत नाही. औषधाच्या वेळा, रात्रीची जागरणे, पैशांची जुळवाजुळव, हे श्रम आहेत. आपण हातांच्या श्रमाचे सौंदर्य मांडले, मग उशाशी बसून केलेल्या श्रमाला साहित्यविचारात जागा का नाही?

मलिकाबाईंची ओळख 'कवीची पत्नी' एवढीच करून देणे हा अन्याय आहे. अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकातून महाराष्ट्र जागवणाऱ्या शाहीर अमर शेखांची ही मुलगी. आत्मकथनाच्या पाच वर्षे आधी, १९७९ साली, 'वाळूचा प्रियकर' हा तिचा कवितासंग्रह आलेला होता. विशीही गाठली नव्हती तेव्हा ती ढसाळांच्या प्रेमात पडली आणि लग्न केले. त्या लग्नातली मारहाण, व्यसने, उपेक्षा आणि स्वतःच्या देहाला लागलेली दुखणी तिने सत्ताविसाव्या वर्षी लिहून काढली. प्रेम नव्हते म्हणून हे लिहिले गेले, असे मला वाटत नाही. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही, त्याच्यावर कोणी एवढे रागावत नाही. वादळे झाली, ताटातूट झाली, परंतु नाते कायमचे तुटले नाही.

ह्या पुस्तकाला दोन प्रकारचे वाचक भेटले. प्रस्थापितांपैकी अनेकांनी ते चवीने वाचले. पँथरचे आतले रूप उघडे पडले, याचाच त्यांना आनंद. स्वतःच्या वाड्यातल्या बायकांचे हुंदके त्यांना कधी ऐकू आले नव्हते. आपल्यापैकी अनेकांनी ते मिटून ठेवले, चळवळीची बदनामी नको म्हणून. दोन्ही बाजूंनी त्याला नामदेवच्या खटल्यातली साक्ष मानले. एका कवयित्रीची कलाकृती म्हणून ते फार थोड्यांनी वाचले.

मी हिंगोली जिल्ह्यात मराठी शिकवतो. ह्याच जिल्ह्यातले नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांच्या गाथेत त्यांची पत्नी राजाई हिच्या नावावरचे अभंगही आहेत. नवरा विठ्ठलापायी घरदार विसरला, पोराबाळांनी खायचे काय, अशी तिची तक्रार आहे आणि ती तक्रार ती रुक्मिणीपुढे मांडते. वारकऱ्यांनी ही तक्रार गाथेतून काढून टाकली नाही. तिच्यामुळे नामदेव लहान झाले नाहीत. उलट, एका भक्ताच्या भक्तीची किंमत घरात कोणी मोजली हे आपल्याला कळले. सातशे वर्षांपूर्वीच्या नामदेवाच्या गाथेत जे मावले, ते विसाव्या शतकातल्या नामदेवाच्या चरित्रात का मावू नये?

काही मित्र म्हणतील, याने शत्रूच्या हाती कोलीत मिळते. ही भीती खोटी नाही. दलित पुरुषाला जन्मतः हिंस्र ठरवणारी सवर्ण मानसिकता आजही टपलेली आहे. परंतु १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना सांगितले की, नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभ्या राहा, गुलाम होऊ नका. हिंदू कोड बिल रखडले तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. हा वारसा सांगणाऱ्यांनी मलिकाबाईंचे पुस्तक मिटून ठेवावे, हे कोणत्या न्यायाने?

आमच्या भागात नामांतराच्या लढ्यात, १९७८ ते १९९४ या वर्षांत, लाठ्या खाल्लेले कार्यकर्ते आज म्हातारे झाले आहेत. कोणाला अर्धांगवायू, कोणाची साखर वाढलेली. जयंतीच्या पत्रिकेवर त्यांचे नाव असते. त्यांना उठवून बसवणाऱ्या, गोळी हातावर ठेवणाऱ्या बाईचे नाव पत्रिकेवर नसते. लढ्याची हकिगत विचारायला विद्यार्थी येतात, तेव्हा ती चहा ठेवायला आत जाते. तिच्याकडेही हकिगत आहे, आणि ती नवऱ्याच्या हकिगतीशी जुळेलच असे नाही.

म्हणून अभ्यासवर्गांतून 'खेळ' आणि 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' लागोपाठ वाचायला द्यावीत. ढसाळांच्या कवितेची थोरवी त्याने कमी होणार नाही. तिला एवढे भय नको. दोघांनी एकमेकांवर प्रेम केले, एकमेकांना जखमाही झाल्या, त्या सारख्या नव्हत्या. हे सगळे एका दमात सांगता येईल, एवढी समीक्षा आपण आता मोठी केली पाहिजे.