बारा कप्प्यांत न बसलेली गोष्ट

सप्टेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने विद्यार्थ्यांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षमतांचा एक आराखडा प्रसिद्ध केला. मानवकेंद्री दृष्टी, नीतिविचार, तंत्रे व त्यांचे उपयोग आणि प्रणालींची रचना असे त्याचे चार विभाग आहेत. प्रत्येक विभागाला समजणे, वापरणे व निर्माण करणे अशा तीन पायऱ्या आहेत. म्हणजे एकूण बारा कप्पे झाले. यंत्राचा वापर केला तरी जबाबदारी माणसाचीच राहते, हा विचार त्यात आरंभीच येतो, ही समाधानाची बाब आहे. परंतु शिक्षकाच्या नजरेने हा तक्ता वाचला की एक उणीव जाणवते. यंत्राविषयी काय जाणावे हे त्यात विस्ताराने आहे. यंत्र हाताशी असताना आपण स्वतः शिकलो की नाही, हे मुलाने कसे ओळखावे यासाठी मात्र वेगळा कप्पा नाही.

ही उणीव किरकोळ नाही, असे आम्हाला का वाटते? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील हम्सा बस्तानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत केलेला प्रयोग पाहू. सुमारे एक हजार विद्यार्थी, विषय गणित. शिक्षकांनी धडा शिकवल्यावर काही वर्गांनी फक्त पुस्तक व वही घेऊन सराव केला. काहींना चॅट-जीपीटीसारखे साधन जसेच्या तसे दिले. उरलेल्यांना दिलेले साधन शिक्षकांच्या सूचनांप्रमाणे बांधलेले होते. ते उत्तर न सांगता पुढच्या पायरीचा इशारा देई. त्यानंतर सर्वांची परीक्षा झाली, कोणतेही साधन न देता.

सरावात साध्या साधनाच्या गटाने वही-पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्के अधिक गुण मिळवले, तर इशारे देणाऱ्या साधनाच्या गटाने १२७ टक्के अधिक. परीक्षेत मात्र साध्या साधनाचा गट वही-पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्के मागे पडला. इशाऱ्यांच्या गटाचे नुकसान जवळजवळ टळले, पण फायदाही दिसला नाही. साधे साधन वापरणारी मुले बरेचदा सरळ उत्तरच मागत होती. सर्वांत बोलका निष्कर्ष पुढेच आहे : आपण कमी शिकलो, याची या मुलांना जाणीवच झाली नव्हती.

प्रयोगाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. शाळा एकच होती, सत्रे मोजकी होती आणि परीक्षा सरावापाठोपाठ झाली. वर्षभराच्या वापराने काय होते, हे त्यावरून ठरत नाही.

कोणी म्हणेल, तेव्हाचे यंत्र चुकीची उत्तरे देत होते, आता ते सुधारले आहे. ते खरे आहे. अशी यंत्रे प्रचंड मजकुरावरून पुढचा शब्द कोणता संभवतो याचा अंदाज बांधत उत्तर रचतात. म्हणून चुकीचे उत्तरही तितक्याच सफाईने येते. नवी यंत्रे गणितात कमी चुकतात. परंतु उत्तर जितके बिनचूक, तितका ते उतरवून घेण्याचा मोह मोठा. चुका कमी झाल्याने मुलाने न केलेला विचार भरून निघत नाही. गाइडमधील उत्तरे अचूक असूनही त्यांवर पोसलेल्या मुलाचे काय होते, हे आपण शिक्षक जाणतोच.

तेव्हा साक्षरतेची पहिली कसोटी यंत्र बाजूला ठेवून घ्यावी. यासाठी संगणक-कक्षाची गरज नाही. एखादे उदाहरण मुलांना आधी वहीत सोडवू द्यावे, अडले तर नेमके कुठे अडले ते एका वाक्यात लिहायला सांगावे. मग यंत्राचे उत्तर फळ्यावर लिहून प्रत्येक पायरीला ‘हे कशावरून?’ असे विचारावे. शेवटी फळा पुसून त्याच जातीचे दुसरे उदाहरण द्यावे आणि सोडवण्यापूर्वी ‘मला हे येईल का?’ याचा अंदाज समासात नोंदवून घ्यावा. अंदाज आणि निकाल यांतले अंतर मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू लागेल.

युनेस्कोचा तक्ता टाकाऊ नाही. तो राबवताना ‘स्वतःची पारख’ हा तेरावा कप्पा आपण शिक्षकांनी त्यात घालावा आणि सुरुवात त्यापासूनच करावी.