आदिवासी : घुर्ये यांची संकल्पना व तिची चिकित्सा

भारतीय समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘आदिवासी कोणास म्हणावे’ हा प्रश्न बहुधा दोन नावांच्या जोडीने शिकविला जातो. गोविंद सदाशिव घुर्ये (१८९३–१९८३) यांनी आदिवासींना ‘मागास हिंदू’ म्हटले आणि व्हेरिअर एल्विन (१९०२–६४) यांनी त्यांच्यासाठी ‘राष्ट्रीय उद्यान’ सुचविले, असे हे सूत्र आहे. विद्यापीठीय व स्पर्धा-परीक्षांच्या मार्गदर्शिकांत ते अलगता, सात्मीकरण व एकात्मीकरण या तीन शब्दांत बांधून दिलेले असते. सूत्र खोटे नाही. परंतु त्यात घुर्ये यांच्या विवेचनाचा सर्वांत भक्कम भाग गळून पडतो व सर्वांत कच्चा भाग शिल्लक राहतो. नासिक जिल्ह्यातील कळवण तालुक्यासारखा प्रदेश समोर ठेवून पाहिल्यास हे विशेष स्पष्ट होते.

घुर्ये यांचा जन्म मालवणचा. संस्कृतचे अध्ययन केल्यानंतर ते केंब्रिजला गेले आणि तेथे प्रथम डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स व त्यांच्या निधनानंतर ए. सी. हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले. पॅट्रिक गेडिस यांनी १९१९ मध्ये सुरू केलेल्या मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची सूत्रे १९२४ मध्ये त्यांच्याकडे आली व ती १९५९ पर्यंत त्यांच्याकडे राहिली. एम्. एन्. श्रीनिवास, अ. र. देसाई, इरावती कर्वे अशा परस्परांहून अगदी भिन्न वळणाच्या अभ्यासकांनी त्यांच्या हाताखाली शिक्षण घेतले. कास्ट अँड रेस इन इंडिया (१९३२) या ग्रंथाने त्यांची कीर्ती झाली. द ॲबोरिजिनीज ‘सो-कॉल्ड’ अँड देअर फ्यूचर हा येथे विचारात घ्यावयाचा ग्रंथ १९४३ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केला. त्याची दुसरी आवृत्ती १९५९ मध्ये द शेड्यूल्ड ट्राइब्ज या नावाने निघाली. शीर्षकातील ‘तथाकथित’ हा शब्द गेला, मुख्य प्रतिपादन मात्र कायम राहिले.

ग्रंथाचा रोख जनगणनेच्या वर्गीकरणावर आहे. १८९१ पासूनच्या जनगणनांत या समूहांना निरनिराळी नावे मिळत गेली. कधी त्यांना वन्य जमाती म्हटले, कधी जडप्राणवादी, तर १९३१ मध्ये जे. एच. हटन यांनी आदिम जमाती म्हटले. जडप्राणवाद व खालच्या स्तरांतील हिंदू धर्म यांत रेषा आखता येत नाही, ही अडचण जनगणना अधिकाऱ्यांनीच वेळोवेळी नमूद केली होती. घुर्ये यांनी त्यांच्याच कबुलीचा त्यांच्याविरुद्ध उपयोग केला. ‘मूळ रहिवासी’ या शब्दावरही त्यांचा आक्षेप होता. स्थलांतरांचा इतिहास इतका गुंतागुंतीचा असताना कोण आधीचा व कोण नंतरचा हे ठरविणे अशक्य आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी या समूहांचे तीन गट कल्पिले : राजगोंडांप्रमाणे हिंदू समाजात वरचे स्थान मिळविलेले, अंशतः हिंदू झालेले बहुसंख्य आणि बाह्य संस्कृतीचा प्रतिकार करून राहिलेले डोंगराळ भागांतील लोक. या तिघांना मिळून लावता येईल असे नाव, त्यांच्या मते, ‘मागास हिंदू’ हेच होय.

त्याच काळात एल्विन वेगळ्या भूमिकेवर आले होते. मंडला भागात शामराव हिवाळे यांच्यासह राहून त्यांनी द बैगा (१९३९) हा ग्रंथ लिहिला आणि बाहेरच्या संपर्काने खचत चाललेल्या जमातींसाठी संरक्षित प्रदेशाची कल्पना मांडली. ही कल्पना सरसकट सर्व आदिवासींसाठी नव्हती व पुढे ती त्यांनी टाकूनही दिली; अ फिलॉसफी फॉर नेफा (१९५७) मध्ये त्यांची भूमिका बरीच बदललेली दिसते. परीक्षेच्या उत्तरांत मात्र एल्विन १९३९ सालीच थांबलेले असतात.

घुर्ये यांचे मोठेपण नावाच्या वादात नाही. हिंदूंशी संपर्क आल्याने आदिवासी खचले, या मताला त्यांनी दिलेले उत्तर अधिक मोलाचे आहे. जमिनी गेल्या, सावकारी वाढली, दारूचे व्यसन बळावले, हे त्यांनी नाकारले नाही. परंतु त्यांचे मूळ त्यांनी ब्रिटिश राजवटीच्या महसूल, जंगल, अबकारी व न्यायविषयक व्यवस्थेत दाखविले आणि हीच व्यवस्था इतर शेतकऱ्यांनाही तशीच भोवली, याकडे लक्ष वेधले. मुंबई इलाख्याच्या संदर्भात हे निदान बिनचूक ठरते. भारतीय वन कायदा व मुंबई अबकारी कायदा हे दोन्ही १८७८ सालचे. पहिल्याने जंगलातील वहिवाट सरकारी परवानगीची बाब झाली, दुसऱ्याने मोहाची दारू घरी गाळणे गुन्हा ठरून मक्तेदाराच्या दुकानाची वाट धरावी लागली. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील कुटुंबाच्या दृष्टीने एकाच वर्षात जळण, चराई आणि सणाची दारू या तीनही गोष्टी परक्या हाती गेल्या.

कळवण हा पूर्वीच्या बागलाणचा भाग. गिरणेच्या खोऱ्यात बागाईत आणि कांदा; पश्चिमेकडे सुरगाण्याच्या बाजूस डोंगर, भात, नागली, वरई. तालुक्याच्या निम्म्याहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची असून तीत कोकणा व भिल्ल यांचे प्रमाण मोठे आहे. याच तालुक्यात सप्तशृंगीचा गड आहे. चैत्रातील यात्रेस खानदेशातून पायी येणाऱ्यांची रीघ लागते आणि गडाच्या परिसरातील आदिवासीही देवीस मानतात. घुर्ये यांना हवा तसा पुरावा याहून चांगला मिळणे कठीण. कोकणा लोकांची आपण कोकणातून वर आलो अशी परंपरा आहे. तेव्हा ‘मूळ रहिवासी’ या शब्दावरील घुर्ये यांचा आक्षेपही येथे अगदीच निराधार नाही.

पण याच गावांत मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचे व्रत चालते. पुरुष व्रतस्थ राहतात, पावरीच्या सुरावर नाचत गावोगाव फिरतात आणि पौर्णिमेची रात्र ठरलेल्या डोंगराच्या कपारीशी जागवतात. अधिकार भगताचा, पुरोहिताचा नव्हे. वाघबारशीला वाघदेवाची पूजा होते; धान्य हीच देवता मानून तिला कणसरी म्हणतात. हे सारे हिंदू धर्माचे अविकसित रूप आहे, असे घुर्ये म्हणतील. सप्तशृंगीच मुळात डोंगराची देवता असून ती पुराणांनी आपलीशी केली, असे उलट बाजूने म्हणता येईल. दा. ध. कोसंबी यांनी मिथ अँड रिॲलिटी (१९६२) मध्ये देवतांची ही ये-जा दोन्ही दिशांनी चालते असे दाखविले आहे. ये-जा दोन्ही दिशांनी असेल, तर एका टोकाला ‘मागास’ व दुसऱ्याला ‘पुढारलेला’ म्हणण्यास धर्माचा आधार उरत नाही. ‘मागास’ हा शब्द जमीन, शिक्षण व सत्ता यांच्या संदर्भात खरा आहे. देवळाच्या संदर्भात तो निरर्थक आहे. घुर्ये यांनी दोन्ही संदर्भ एकाच शब्दात कोंबले, हा त्यांच्या संकल्पनेतील मुख्य दोष होय.

१९२२ सालच्या देवी चळवळीने हा दोष अधिक उघड होतो. उत्तर कोकणच्या किनाऱ्याकडून निघालेली ही लाट डोंगराळ प्रदेशातून दक्षिण गुजरातेत पसरली. अंगात आलेली देवी आज्ञा करी : दारू सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा. पुढे याच आज्ञांत दारूचे दुकानदार व जमीनदार यांच्यावरील बहिष्कार येऊन मिळाला. केवळ आचार पाहिला तर हे हिंदूकरण, किंवा श्रीनिवास यांच्या परिभाषेत ‘संस्कृतीकरण’, ठरेल. परंतु डेव्हिड हार्डिमन यांनी द कमिंग ऑफ द देवी (१९८७) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, ज्या आचारांमागे सत्ता आहे ते आचार हस्तगत करून ज्यांच्या दुकानात आपण कर्जबाजारी झालो त्यांची पकड सोडविणे, हा त्यामागचा हेतू होता. दारू सोडणारा कोकणा वरच्या जातीचे अनुकरण करीत नव्हता, तो मक्तेदाराचे गिऱ्हाईक होण्याचे नाकारीत होता. अबकारी व्यवस्थेचे परिणाम ज्यांनी इतके नेमके ओळखले, त्या घुर्ये यांच्या संकल्पनेत या नकाराला जागाच नाही, ही आश्चर्याची गोष्ट आहे. त्यांचे आदिवासी व्यवस्थेचे परिणाम भोगतात, सुधारतात किंवा मागे राहतात; स्वतः होऊन काही करीत नाहीत.

वास्तविक या प्रदेशाने पुष्कळ केले आहे. १९३० च्या जंगल सत्याग्रहात कळवणचे नाव संगमनेर, बिळाशी, चिरनेर यांच्या बरोबरीने येते. मार्च २०१८ मध्ये वनजमिनींच्या मागणीसाठी नासिकहून मुंबईस पायी गेलेल्या शेतकऱ्यांत सुरगाणा, कळवण, पेठ, दिंडोरी या भागांतील आदिवासींचा भरणा होता. मध्ये ८८ वर्षे गेली, राजवट बदलली, २००६ चा वनहक्क कायदा झाला. तरी प्रश्न जंगलाचाच राहिला. निफाड व दिंडोरीच्या द्राक्षबागांत हंगामी मजुरीस जाणारी कुटुंबे याच गावांतली. घुर्ये यांचे निदान पुढे चालविले असते, तर ते येथवर पोहोचले असते. ते त्यांनी राष्ट्रीय एकात्मतेच्या चिंतेपायी मध्येच सोडले. ईशान्य भारतावरील १९८० च्या त्यांच्या ग्रंथात तर ती चिंताच सर्व विवेचन व्यापून बसली आहे.

व्हर्जिनियस खाखा यांनी याच सुमारास चाललेल्या एकूण परंपरेवर आक्षेप घेतला आहे : जमातीचे वर्णन नेहमी जातीच्या तुलनेत, जणू ती जात होण्याच्या वाटेवर आहे अशा रीतीने केले जाते; तिला स्वतंत्र समाज म्हणून पाहिले जात नाही. महाराष्ट्रात महादेव कोळ्यांवर घुर्ये यांनी १९५७ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याच जमातीविषयी पुढे गोविंद गारे यांनी मराठीत लिहिले. परीक्षार्थी पहिला ग्रंथ नावाने ओळखतात, दुसरा सहसा ओळखत नाहीत.

संविधानाने या वादात कोणाचाच शब्द स्वीकारला नाही. अनुच्छेद ३४२ अन्वये राष्ट्रपतींच्या आदेशातील यादी हीच अनुसूचित जमातींची व्याख्या आहे आणि अनुसूचित जातींच्या आदेशाप्रमाणे तीत धर्माची अट नाही. यादी करण्याचे निकष मात्र संस्कृतीकडेच वळले. १९६५ च्या लोकूर समितीने आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगता, बाहेरच्यांशी संपर्काचा संकोच व मागासलेपणा ही पाच लक्षणे सांगितली. एल्विन यांची अलगता व घुर्ये यांचे मागासलेपण येथे एकाच यादीत शेजारी बसले आहे. महाराष्ट्रात यादीत येण्याचे दावे अनेक असल्याने प्रमाणपत्रांची पडताळणी कसोशीने होते आणि तीत ‘आप्तभाव कसोटी’ लावली जाते : तुमची देवता कोणती, लग्नाची रीत कोणती, बोलीत अमुक शब्द कसा म्हणतात. यादीतील नाव न्यायालयास बदलता येत नाही, हे हलबा-कोष्टी प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले. मात्र कळवणहून नासिकला गेलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या, डोंगऱ्यादेवाला कधी न गेलेल्या कोकणा मुलाचे काय? घुर्ये यांच्या दृष्टीने तो सात्मीकरण पूर्ण झालेला; समितीपुढे, त्याच कारणाने, संशयास्पद. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील ठाकूर जमातीच्या संघटनेच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, आप्तभाव ही निर्णायक कसोटी नव्हे. स्थलांतर व आधुनिक जीवन यांमुळे जुन्या चालीरीतींचे ज्ञान राहिले नसेल, तरी तेवढ्याने दावा फेटाळता येणार नाही आणि जुन्या कागदपत्रांना अधिक महत्त्व द्यावे लागेल.