पहिल्या तारखेची नायिका

गेल्या दिवाळीत माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. शाळेत असताना ती मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहत असे आणि अचानक प्रश्न विचारला तरी उत्तर बरोबर देत असे. आता ती मुंबईच्या एका कचेरीत नोकरीला आहे. सकाळी डोंबिवलीहून गाडी पकडते, संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन परतते. वडील निवृत्त झालेले, धाकटा भाऊ कॉलेजात. मी फराळाची ताटली पुढे केली. तिने चकली मोडली आणि तुकडा तोंडात टाकण्याआधीच विचारले, "बाई, तुमच्या कादंबरीतली नायिका शेवटी राजीनामा का देते?"

"अगं, तिचं लग्न ठरलं म्हणून."

"ते कळलं हो. पण तिच्या पगारावर घर चालत होतं ना? मग पुढच्या महिन्यात त्या घरात दुधाचं बिल कुणी भरलं?"

मी वरमले. त्या कादंबरीवर दोनचार परीक्षणे आली होती. एकाने भाषा साधी आहे असे म्हटले होते, दुसऱ्याने शेवट गोड झाला म्हणून आनंद मानला होता. दुधाबद्दल कुणी विचारले नव्हते. मी स्वतःही विचारले नव्हते, आणि ही गोष्ट प्रांजळपणे कबूल करणेच बरे.

जाताना उंबऱ्याशी उभी राहून तिने हळूच सांगितले की, तिच्या कचेरीत एकजण आहे. चांगला आहे. घरी अजून बोललेली नाही. मी कारण विचारले, तर म्हणाली, "आई नाही म्हणणार नाही, बाई. पण ती मनातल्या मनात बोटांवर काहीतरी मोजायला लागेल, आणि ते मला पाहवणार नाही."

तेव्हापासून कमावत्या मुलीच्या प्रेमाची गोष्ट वाचताना किंवा पाहताना मी एकच गोष्ट शोधू लागले आहे. त्या मुलीच्या पगाराचे पुढे काय झाले? अशा गोष्टी आपल्याकडे थोड्या नाहीत. कचेरी असते, समोरासमोरची टेबले असतात, चहाच्या वेळी नजरानजर होते, एखाद्या संध्याकाळी पाऊस लागतो आणि छत्री एकच निघते. नायिकेची नोकरी पहिल्या पानावर सांगितलेली असते, ती गरजू आहे हे कळावे म्हणून. एकदा प्रेम जमले की नोकरी मागे पडते आणि पगार तर पार नाहीसा होतो. घरची मंडळी लग्नाच्या मांडवात हसतमुख उभी असतात. त्यांचे पोट कशावर भरते, हे लेखक सांगत नाही आणि वाचकही विचारत नाही.

ज्यांनी ही गोष्ट टाळली नाही, अशांत आपल्याकडचे पहिले ठळक नाव विभावरी शिरूरकरांचे. 'कळ्यांचे निःश्वास' हा त्यांचा कथासंग्रह १९३३ साली निघाला आणि महाराष्ट्रात मोठा गदारोळ उठला. हे टोपणनाव घेऊन लिहिणाऱ्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, स्वतः शिक्षिका होत्या. शिकलेल्या, मिळवत्या आणि लग्नावाचून राहिलेल्या मुली त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. त्या संग्रहातल्या एका कथेचे नाव 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' असे आहे. मला वाटते, कमावत्या मुलीचे सारे दुखणे या पाच शब्दांत आले आहे. ती बापाचा संसार ओढते, त्यात तिचा जीव गुंततो, तिच्यावाचून तो चालतही नाही. पण तो तिचा नव्हे. त्या काळच्या टीकाकारांना मुलींच्या मनातल्या इच्छा उघड बोलल्या गेल्या याचा राग आला. मला आज त्याहून धीट वाटते ते हे की, बापाच्या मायेत हिशेबही मिसळलेला असू शकतो, असे एका मुलीने लिहिले.

हे दुखणे केवळ मराठी घरांतले नव्हे. नरेंद्रनाथ मित्रांच्या बंगाली कथेवरून सत्यजित राय यांनी १९६३ साली 'महानगर' काढला. त्यात कचेरीतले प्रेम नाही. आरती ही विवाहित बाई, घरोघर फिरून विणकामाची यंत्रे विकण्याची नोकरी धरते. तरीही माझ्या कसोटीला हा चित्रपट पुरेपूर उतरतो. पहिला पगार हातात पडल्यावर आरती आरशासमोर उभी राहते आणि त्या कोऱ्या नोटा पाहते. माधवी मुखर्जींच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटते, ते प्रियकराच्या पत्राने उमटणाऱ्या भावाहून कमी नाही. घरात सासरे आहेत, निवृत्त शाळामास्तर. सुनेच्या कमाईला हात लावणे त्यांना कमीपणाचे वाटते. मात्र मोठ्या पदाला चढलेल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या दारी जाऊन मदत मागणे त्यांना चालते. आमच्या जातीच्या माणसाचे हे चित्र पाहताना मला हसू आले आणि मग ते घशात अडकले.

पण माझ्या विद्यार्थिनीची गोष्ट ज्यात जवळजवळ जशीच्या तशी सापडते, तो चित्रपट म्हणजे 'घरोंदा'. १९७७ सालचा. शंकर शेष यांची कथा, भीमसेन यांचे दिग्दर्शन. अमोल पालेकर आणि डॉ. श्रीराम लागू ही आपली दोन माणसे त्यात आहेत आणि मुंबई तर आपलीच. छाया एका कचेरीत नोकरीला लागते. तिथल्याच सुदीपशी तिचे मन जुळते. ती राहते भावाच्या संसारात, एवढ्याशा जागेत, भावजयीच्या पोरांच्या गर्दीत. तो राहतो तीन सोबत्यांबरोबर एका खोलीत. दोघांना एकांत मिळत नाही आणि त्यांना प्रेमापेक्षा अधिक बोलावे लागते ते जागेबद्दल.

इथे या चित्रपटाचे मोठेपण आहे. नायक-नायिका झाडाभोवती फिरत नाहीत. बांधकाम चाललेल्या इमारती बघत फिरतात. पगारातून किती उरेल, हप्ता किती बसेल, कोणता खर्च तोडावा, हे त्यांचे प्रेमालाप. हा हिशेब कोरडा वाटत नाही. दोन माणसे मिळून पैसे साठवतात तेव्हा ती एकमेकांना आपली पुढची वर्षे देत असतात. झरीना वहाबच्या साध्या चेहऱ्यावर एखादी रिकामी, प्लास्टरही न झालेली खोली पाहून जो उजेड येतो, त्याने प्रेक्षकाला ती खोली सजलेली दिसते.

मग घर बांधणारा फसवतो. साठवलेले पैसे बुडतात. सोबत्यांपैकी एकजण जीव देतो. आपल्या राज्यात सदनिकांच्या विक्रीविषयीचा कायदा १९६३ पासून होता, तरी अशी फसवणूक होतच राहिली आणि पुढे २०१६ साली देशभरासाठी नवा कायदा करावा लागला. म्हणजे ही कल्पना कथाकाराने हवेतून काढलेली नव्हती. इकडे कचेरीचे मालक मोदी, वयस्क, श्रीमंत, हृदयविकाराने आजारी, छायाला मागणी घालतात. आणि सुदीप, ज्याच्यासाठी तिने एकेक रुपया बाजूला टाकला, तिला म्हणतो की कर हे लग्न. म्हातारा फार दिवस जगायचा नाही, मग सारे आपलेच.

मला वाटते, ज्या कोणा स्त्रीने हा प्रसंग पाहिला असेल तिला तो विसरता आलेला नाही. खलनायकाने असे बोलावे यात नवल नव्हते. इथे आपला, भला, पालेकरांच्या सुरात बोलणारा मुलगा बोलतो. शहराने त्याला इतके थकवले आहे की, हप्ते मोजणाऱ्या जिभेने तो आता प्रेयसीलाही मोजतो. छाया हादरते, संतापते, आणि शेवटी ते लग्न करते. त्यात घरच्यांचे भले आहे आणि सुदीपला दिलेले उत्तरही आहे. इथपर्यंत चित्रपट कुठेही खोटे बोलत नाही.

पुढचा भाग मात्र मला पटत नाही. छाया मोदींची सेवा करते, त्यांना जपते, ते बरे होतात, आणि तिचे मन खरोखरच त्यांच्यात रमते. सुदीपचा डाव त्याच्यावरच उलटतो. बऱ्याच प्रेक्षकांना हा शेवट समाधानाचा वाटला: मुलगी पतिव्रता निघाली. दुसरे काही म्हणतात, चित्रपटाने इथे कच खाल्ली. छायाने घर सोडून निघायला हवे होते. माझी तक्रार दोघांहून वेगळी आहे. नवऱ्यावर तिचे प्रेम जडावे यात गैर काय? डॉ. लागूंनी उभा केलेला मोदी असा सभ्य आणि एकाकी आहे की, त्याच्याविषयी माया वाटणे स्वाभाविक आहे. पण पहिल्या अर्ध्या भागात जिचा पैसा-पैसा आपण मोजला, ती कमावती मुलगी कुठे गेली? उत्तरार्धातली छाया माझ्या लक्षात राहते ती औषधाच्या बाटल्यांशेजारी आणि दिवाणखान्यात. स्वतःच्या कमाईचा एक रुपया हातात असण्याचा जो तोरा तिच्या चालण्यात होता, तो हरवल्याचे दुःख ना तिला होते, ना दिग्दर्शकाला. सुदीपने तिची किंमत केली म्हणून आपण त्याला दोष देतो. पण तिची नोकरी श्रीमंतीच्या बदल्यात सहज सोडून देण्याजोगी वस्तू आहे असे धरून चालणे, हीही एक किंमतच झाली. आणखी एक. मालकाने हाताखालच्या मुलीला मागणी घालणे चित्रपटात केवळ उदार वाटते. कामाच्या जागी स्त्रीला संरक्षण देणारा २०१३ चा कायदा झाल्यावर आजचा प्रेक्षक निदान एवढे तरी विचारील की, ती नाही म्हणाली असती तर तिची नोकरी टिकली असती का?

अर्थात सारा दोष कथाकारांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्या काळी नियमच तसे होते. परराष्ट्र सेवेतल्या स्त्रीला लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे; सी. बी. मुथम्मा यांनी याविरुद्ध दाद मागितली तेव्हा १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा नियमांवर कडक ताशेरे ओढले. हवाई सुंदरीची नोकरी पहिल्या गरोदरपणाबरोबर संपवणारा नियम त्याच न्यायालयाने १९८१ साली रद्द केला. जिथे सरकारी कागदच लग्न आणि नोकरी यांत सवत-मत्सर धरून बसले होते, तिथे कादंबरीकाराने नायिकेकडून राजीनामा लिहून घेतला, तर त्याने फारसे निराळे काय केले? पण माझी कादंबरी त्यानंतर कितीतरी वर्षांनी लिहिलेली आहे. मला ही सबब सांगता येत नाही.

कुणी म्हणेल, बाई, प्रेमाच्या गोष्टीत वाणसामानाची यादी कशाला? रसिकाला क्षणभर तरी विसावू द्या. ही हरकत मी हसण्यावारी नेत नाही. थकून घरी आलेल्या मुलीला छत्रीतला पाऊस हवा असतो. मलाही हवा असतो. पण 'घरोंदा'च्या पूर्वार्धात हप्त्यांच्या बेरजेनेच प्रेम गडद झाले आहे, आणि 'महानगर'मध्ये नोटांच्या वासात एका बाईला स्वतःची ओळख पटली आहे. रसभंग झाला आहे तो बेरीज मध्येच सोडून दिली तिथे. आता पगाराचे पाकीट राहिले नाही. पहिल्या तारखेला फोन वाजतो आणि पैसे जमा झाल्याचा संदेश येतो. पण तो वाजला की घरातली सगळी माणसे क्षणभर गप्प होतात, असे माझी विद्यार्थिनी सांगते. त्या एका क्षणात तिची माया आहे, तिचे ओझे आहे आणि कचेरीतल्या त्या मुलाला अजून न सांगितलेली गोष्टही आहे.

या दिवाळीत ती पुन्हा येणार आहे. तिला सांगायचे मी ठरवले आहे की, आईला बोटांवर मोजू दे. तू शेजारी बस आणि मोठ्याने मोज, आणि त्या मुलालाही एक दिवस त्या हिशेबाला बसव. तो तिथून उठून गेला नाही, तर मुलगा चांगला आहे. आणि तिच्या प्रश्नाचे उत्तरही आता माझ्यापाशी आहे. त्या घरातले दुधाचे बिल पुढच्या महिन्यातही माझ्या नायिकेनेच भरले. ते लिहायचे माझ्याकडून राहून गेले.