पाण्यावरचा संसार आणि उबेचा प्रश्न

एल. टी. सी. रोल्ट यांचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ साली, महायुद्ध चालू असतानाच, इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. व्यवसायाने अभियंता असलेला हा लेखक जुलै १९३९ मध्ये पत्नी अँजेला हिच्यासह ‘क्रेसी’ नावाच्या एका जुन्या मालवाहू नावेत संसार थाटतो आणि बॅनबरीहून निघून कालव्यांतून सुमारे ४०० मैलांचा प्रवास करतो, एवढेच त्याचे कथानक. मराठी वाचकांत या पुस्तकाचा उल्लेख क्वचितच होतो. ते वाचनीय आहे यात शंका नाही. परंतु त्यातील ‘ऊब’ कोणाची, हा प्रश्न वाचताना सतत मनात येत राहतो आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

कालवा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर पाटाचे पाणी आणि पाळीपत्रक येते. इंग्लंडचे कालवे शेतीसाठी खोदलेले नव्हेत. ते अठराव्या शतकापासून कोळसा, लोखंड आणि चिनी मातीची भांडी वाहण्यासाठी बांधलेले जलमार्ग होत. त्यांवरील पाणदरवाजे अरुंद, म्हणून नावही अरुंद: लांबी ७० फुटांपर्यंत आणि रुंदी जेमतेम ७ फूट. बहुतेक सर्व जागा मालाची. कुटुंबाच्या वाट्याला मागील टोकाची सुमारे ८ ते १० फूट लांबीची खोली. तीत उतरताच डाव्या हाताला लोखंडी चूल. पायरी म्हणून ज्यावर पाय ठेवायचा ती कोळशाची पेटी. समोरच्या कपाटाचे दार खाली पाडले की त्याचेच जेवणाचे मेज होते. त्यापलीकडे जाळीदार पडद्याआड नावेच्या रुंदीइतकाच आडवा बिछाना, जो दिवसा दुमडून ठेवायचा. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही आपल्याकडे म्हण आहे. तिथे ती सुताराने लाकडात ठोकून बसविली होती!

या खोलीचा प्राण म्हणजे ती चूल. स्वयंपाक तिच्यावर, आंघोळीचे पाणी तिच्यावर, ओले कपडे तिच्याच वर टांगलेल्या दोरीवर. धुराड्याला पितळी कडी आणि चुलीला काळा लेप लावून ती आरशासारखी चकचकीत ठेवायची, ही गृहिणीची प्रतिष्ठा. आपल्या जुन्या घरांतील तांब्याचा बंब चिंचेने घासून लखलखीत ठेवणाऱ्या आजी-आत्यांना हा अभिमान समजावून सांगावा लागणार नाही. मात्र बंद खोलीतील कोळसा ऊब देतो तसा विषारी वायूही देतो. वारा येण्याची भोके गारठ्याच्या भयाने बुजवावीत तर जीव जातो आणि उघडी ठेवावीत तर थंडी शिरते.

रोल्ट हे सारे पाहतो आणि प्रेमाने पाहतो. दारावर रंगविलेले गुलाब व किल्ले, छपरावरची नक्षीदार पाण्याची झारी, नावाड्यांची अदब, त्यांचे हस्तकौशल्य यांवरची त्याची पाने उत्कृष्ट आहेत. यंत्रयुगाने माणसाचे काय हिरावले, याची त्याला मनापासून चिंता आहे. पण त्याच्या स्वतःच्या नावेत मालाच्या जागी बैठकीची खोली, पुस्तकांची फडताळे, इतकेच नव्हे तर न्हाणीघरही होते. तो नावेवर राहावयास गेला तो आवडीने. ती कुटुंबे का गेली होती? रेल्वेच्या स्पर्धेने वाहतुकीचे दर कोसळले, पगारी हात आणि काठावरच्या घराचे भाडे परवडेनासे झाले, म्हणून बायकापोरांना नावेवर आणावे लागले. ज्या चुलीला रोल्ट घरपणाचे प्रतीक मानतो, ती एका अर्थी मजुरी घटल्याची पावती होती.

जॉर्ज स्मिथ या सुधारकाच्या खटपटीने १८७७ मध्ये या नावांसाठी कायदा झाला. त्याखालील नियमांत बारा वर्षांवरील माणसास ६० घनफूट आणि त्याखालील मुलास ४० घनफूट जागा ठरविली गेली. सरकारी नोकरीत हयात घालविलेल्या माणसाला अशी कलमे वाचताना कुतूहल वाटते. कारण नियम करणाऱ्याने घनफूट मोजले, पण त्या ४० घनफुटांतले मूल शाळेत केव्हा जाणार, हे त्या मापात बसत नव्हते. दर दोन दिवसांनी गाव बदलणाऱ्या नावेवरची पिढीच्या पिढी निरक्षर राहिली.

इथे आपल्या साहित्याची आठवण होते. निपाणीपासून हाकेच्या अंतरावरील कागलच्या आनंद यादवांनी ‘झोंबी’त शाळेसाठी केलेली धडपड ज्याने वाचली आहे, त्याला निरक्षरतेच्या लोककलेचे कौतुक अर्ध्यावरच थांबवावेसे वाटेल. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आले. गाढवांच्या पाठीवरचा फिरता संसार प्रथमच आतून बोलला. रोल्टच्या नावाड्यांना असा लेखक लवकर लाभला नाही. एमा स्मिथ यांचे ‘मेडन्स ट्रिप’ (१९४८) अधिक खरे वाटते. युद्धकाळात जाताना पोलाद आणि परतताना कोळसा वाहणाऱ्या तरुण मुलींची ती कथा असून, ओल्या कपड्यांचा आणि थकलेल्या हातांचा तिला विसर पडत नाही. तरीही त्या मुली युद्ध संपल्यावर घरी परतणाऱ्या होत्या. शीला स्ट्युअर्ट यांनी नावेवर जन्म काढलेल्या स्त्रियांच्या मुलाखतींवरून ‘रॅम्लिन रोझ’ सिद्ध केले ते १९९३ मध्ये, म्हणजे तो संसार मोडल्यावर. माझ्या मते या विषयावर वाचावे असे पहिले पुस्तक ते, रोल्टचे दुसरे.

मराठीत ‘ऊब’ हा शब्द शेकोटीचा, वाकळेचा आणि मायेचाही. म्हणूनच तो बेताने वापरावा. दिवाळीनंतर चिकोडी-निपाणी पट्ट्यात साखर कारखान्यांच्या आसऱ्याने पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटेच्या काळोखात तिथे तीन दगडांवर पेटलेली चूल रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीतून फार रम्य दिसते. मुकादमाकडून घेतलेली उचल त्या उजेडात दिसत नाही. आपल्या नियतकालिकांतून कोपीवर येणाऱ्या कविता रोल्टच्याच काठावर उभ्या आहेत, असे म्हणणे थोडे कठोर होईल, पण ते म्हटले पाहिजे.

रोल्टच्या पुस्तकाचे ऋण मात्र नाकारता येत नाही. त्यातूनच १९४६ मध्ये कालवे वाचविण्यासाठी संस्था उभी राहिली आणि बुजविले जाणारे अनेक जलमार्ग वाचले. पुढे १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले, माल जागीच अडकला आणि उरलीसुरली मालवाहतूकही जवळजवळ संपुष्टात आली. नावाडी कुटुंबे काठावर, सरकारी घरांत राहावयास गेली. आज त्या कालव्यांवर ३० हजारांहून अधिक नावा आहेत. काही हौशीच्या, काही शहरातले घरभाडे न परवडल्यामुळे घेतलेल्या. या दुसऱ्या प्रकारच्या माणसांनी लिहिलेले पुस्तक मिळाले तर ते रोल्टच्या शेजारी ठेवून वाचावयाचे आहे.