बिल्ल्यावरचा स्तंभ कुठे गेला?

परंड्याचा किल्ला बघायला आलात तर गावातलं कुणीतरी सांगेलच, "मुलूखमैदान तोफ मूळची इथली!" खरंय ते. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली ही सुमारे ५५ टनांची तोफ परंड्यात होती आणि १६३२ मध्ये ती विजापूरला गेली. तिचं तोंड म्हणजे सिंहाचा जबडा, दातांत चिरडलेला हत्ती. तुम्ही वहीत लगेच लिहाल, 'सिंह म्हणजे शौर्य'. थांबा जरा. तो सिंह आधी निजामशाहीचा होता, मग आदिलशाहीचा झाला, आणि १६८६ मध्ये विजापूर घेतल्यावर औरंगजेबानं त्याच तोफेवर स्वतःचा लेख कोरवला. सिंह तसाच राहिला, लेख वाढत गेले. आपल्याला वाचायचे आहेत ते लेख.

सैनिकी मानचिन्हांवरचं आपल्याकडचं बरंच लेखन मला यासाठीच पटत नाही. ते शब्दकोशासारखं चालतं: तलवार म्हणजे पराक्रम, ढाल म्हणजे संरक्षण, झालं. मीही हेच करत होतो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या चिन्हातला बिगुल मी पहिल्या मसुद्यात सरळ तुतारीशी जोडला होता, आणि मार्गदर्शकांनी तो अख्खा परिच्छेद तांबड्या शाईनं उडवला. बरोबरच होतं त्यांचं. ते शिंग युरोपातल्या शिकारी पथकांकडून आलेलं. विखरून लढणाऱ्या हलक्या पायदळाला इशारा देताना ढोलापेक्षा शिंग सोयीचं, म्हणून ते ब्रिटिश लाइट इन्फंट्रीची खूण बनलं आणि तिथून आपल्या पलटणीच्या टोपीवर चढलं. आज एखाद्या जवानाला त्यात तुतारी दिसत असेल, तर तोही अभ्यासाचाच विषय आहे. पण तो चिन्हाच्या उगमाचा पुरावा नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

आता महार रेजिमेंट. ही १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला उभी राहिली. सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा. तो 'शौर्याचं प्रतीक' होता एवढंच म्हणून पुढे गेलात तर हातातलं सगळं निसटलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली होती. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण निघाली आणि १९२१ मध्ये मोडलीही. बाबासाहेब आंबेडकर १९२७ च्या १ जानेवारीला त्या स्तंभापाशी गेले होते. हा क्रम समोर ठेवून बिल्ला बघा. मला तो अर्जासारखा वाटतो: आम्ही आधीही सैन्यात होतो, हा घ्या दाखला.

१९४६ मध्ये रेजिमेंट मशीनगनची झाली आणि स्तंभाच्या जोडीला दोन व्हिकर्स मशीनगन आल्या, फुलीसारख्या आडव्यातिडव्या, तिवईवर बसवलेल्या. पुढे स्तंभ काढला आणि त्याच्या जागी खंजीर आला. निव्वळ आकृती म्हणून हा बदल चांगलाच जमलाय. मधली उभी रेघ कायम राहिली, त्यामुळे तोल ढळला नाही. शिवाय नाण्याएवढ्या जागेत स्तंभापेक्षा खंजीर लांबूनही ओळखू येतो. पण ज्या सफाईनं आकृती सांभाळली गेली, त्याच सफाईनं तो दाखलाही गेला. खंजीर कुठल्याही पलटणीला शोभेल, स्तंभ एकीलाच शोभत होता. माझ्या मते चिन्ह सुबक झालं आणि मुकं झालं.

गंमत म्हणजे व्हिकर्स सैन्यातून केव्हाच गेली, बिल्ल्यावर मात्र आहे. म्हणजे 'जुनं झालं म्हणून काढलं' हे स्पष्टीकरण स्तंभाला लावता येत नाही. ब्रिटिशांचा विजय दाखवणारा स्तंभ स्वतंत्र देशाच्या सैन्याला अडचणीचा वाटला असेल, हा अंदाज सुचायला सोपा आहे. पण बिल्ला बघून तो सिद्ध होत नाही. त्यासाठी आदेशाचा कागदच लागतो. प्रबंधात अंदाजाला अंदाजच म्हणा.

आणि एक. आपल्या भागात माजी सैनिकांची घरं कमी नाहीत. कुणी जुना बिल्ला दाखवला तर फोटो काढून लगेच उठू नका. भरती कोणत्या सालची, हा बिल्ला कधी मिळाला, बदलून कधी घेतला, ते विचारा. बिल्ला उलटा करून मागची बाजूही बघा. काहींवर बनवणाऱ्याचा छाप असतो.