नकाशातील रिकामी जागा : आरोग्यभूगोलाच्या अध्यापकाचे कार्य

भूगोल आणि पर्यावरणीय आरोग्य हे दोन विषय एकाच अध्यापकाकडे सोपविले जातात, तेव्हा त्याच्याकडून अपेक्षा केली जाते ती बहुधा दुभाष्याची. रोग कोठे आढळतो हे भूगोलाने सांगावे, तो का होतो हे वैद्यकाने सांगावे, आणि या दोन उत्तरांची सांगड वर्गात त्याने घालून द्यावी, अशी ही वाटणी आहे. वाटणी सोयीची खरी. परंतु ती कितपत टिकते हे तपासून पाहण्यासारखे आहे. आंतरराष्ट्रीय भूगोल संघाने १९४९ च्या लिस्बन अधिवेशनात वैद्यकीय भूगोलासाठी आयोग नेमला, जाक मे या फ्रेंच शल्यवैद्याने अमेरिकन भौगोलिक संस्थेसाठी रोगांचे नकाशे सिद्ध केले, आणि १९६४ मध्ये डडली स्टँप यांचा जीवन व मृत्यू यांच्या भूगोलावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. या परंपरेने अध्यापकाच्या हाती जे प्रमुख साधन दिले ते म्हणजे नकाशा. त्या साधनाची परीक्षा करणे म्हणजेच अध्यापकाच्या कार्याची परीक्षा करणे होय.

या विषयाचा पहिला पाठ सर्वत्र जवळजवळ एकच असतो : लंडनमधील १८५४ ची पटकीची साथ आणि डॉ. जॉन स्नो यांचा नकाशा. पाठ्यपुस्तकांतून सांगितली जाणारी हकीकत अशी, की स्नो यांनी मृत्यूंच्या खुणा नकाशावर मांडल्या, त्या ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाभोवती दाटलेल्या दिसल्या, पंपाचा दांडा काढविण्यात आला आणि साथ थांबली. या हकीकतीत नकाशा हा शोधाचे साधन ठरतो आणि भूगोलाच्या विद्यार्थ्याला आपल्या शास्त्राविषयी अभिमान वाटतो. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. पाण्यातून पटकी पसरते हे मत स्नो यांनी १८४९ मध्येच पुस्तिकेच्या रूपाने मांडले होते. दांडा ८ सप्टेंबर १८५४ रोजी काढला गेला. छापील नकाशा मात्र त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे १८५५ मध्ये, वाचकांपुढे आला. दांडा निघण्यापूर्वीच साथ ओसरू लागली होती, हेही स्नो यांनी स्वतः नमूद करून ठेवले आहे. नकाशाने शोध लावला नाही. झालेला शोध त्याने इतरांस समजावून दिला.

मग शोध कशाने लागला? निबंधकाच्या यादीतील ८३ मृत्यू घेऊन स्नो घरोघर फिरले. त्यांपैकी अवघे १० मृत्यू दुसऱ्या एखाद्या पंपाला अधिक जवळ असलेल्या घरांत झाले होते. नुसता नकाशा पाहणाऱ्याला हे १० मृत्यू सिद्धान्ताच्या विरुद्ध वाटले असते. चौकशीअंती कळले, की त्यांतील ५ कुटुंबे मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटचेच पाणी आणवीत असत आणि ३ मृत मुले त्या पंपाजवळच्या शाळेत जात. उलट, पंपाच्या अगदी शेजारच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातील सत्तरांवर कामगारांपैकी कोणीही पटकीने मेले नाही, कारण ते पंपाच्या पाण्याला शिवतच नसत. जवळच्या गरिबांच्या श्रमगृहात ५३५ माणसे असून मृत्यू केवळ ५ झाले. त्या संस्थेची विहीर स्वतंत्र होती. आणि सर्वांत निर्णायक पुरावा तर नकाशाच्या चौकटीबाहेरच होता. पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहिलेली एक विधवा स्त्री हॅम्पस्टेडला राहावयास गेली होती. परंतु त्या पाण्याची चव आवडत असल्यामुळे ती ते रोज गाडीने मागवून घेई. आसपास कोठेही पटकी नसताना ती पटकीने मृत्यू पावली. सिद्धान्त उभा राहिला तो खुणांच्या दाटीवर नव्हे, तर जेथे खूण असावयास हवी होती पण नव्हती आणि जेथे नसावयास हवी होती पण होती, अशा स्थळांच्या उलगड्यावर.

नकाशा व आकडे यांवर भिस्त ठेवणारा अभ्यासक किती दूर जाऊ शकतो, याचे उदाहरण त्याच शहराने पुरविले आहे. विल्यम फार हे इंग्लंडच्या निबंधक कार्यालयातील थोर संख्याशास्त्रज्ञ. १८४८-४९ च्या साथीवरील त्यांचा अहवाल १८५२ मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनच्या भागांची थेम्सपासूनची उंची आणि पटकीचे मृत्यू यांचा त्यांनी मेळ घातला, तेव्हा २० फुटांखालील भागांत दर दहा हजारांस १०२ मृत्यू, २० ते ४० फुटांच्या पट्ट्यात ६५, त्यावरील पट्ट्यात ३४, अशी क्रमाने उतरणारी श्रेणी त्यांना आढळली. आकडे खरे होते, श्रेणी नियमित होती, आणि भूगोलाच्या दृष्टीने याहून सुबक नियम शोधून सापडला नसता. सखल जागी साचणारी दूषित हवा रोग निर्माण करते, या तत्कालीन मताला त्यातून बळकटी मिळाली. उंची ही कारण नसून केवळ सोबतीण होती, हे पुढे उघड झाले. सखल भागांतील पुष्कळ घरांना थेम्सच्या गटाराने नासलेल्या पात्रातील पाणी मिळत होते.

या दोघांतील भेद स्पष्ट होतो तो दक्षिण लंडनमध्ये. तेथे एकाच रस्त्यावर, लागून असलेल्या घरांना दोन वेगवेगळ्या कंपन्या पाणी पुरवीत. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपला उपसा नदीच्या वरच्या, स्वच्छ भागात नेला होता; साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनीने तो नेला नव्हता. हवा, उंची, वस्ती आणि सांपत्तिक स्थिती समान असूनही साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दुसऱ्या कंपनीच्या घरांत दर दहा हजार घरांस ३१५ मृत्यू झाले, तर लॅम्बेथच्या घरांत ३७. या भेदाचा नकाशा काढता येत नाही. कारण तो प्रदेशाप्रदेशांतील भेद नाही, एका भिंतीच्या दोन बाजूंचा भेद आहे. कोणते पाणी कोणाचे हे रहिवाशांस सांगता येईना, तेव्हा स्नो यांनी पाण्यातील क्षाराची चाचणी घेऊन ते ठरविले. येथे भूगोल आणि रसायन यांची वाटणी करणे अशक्य होते. फार यांच्या बाबतीत न्यायाने हे सांगितले पाहिजे, की स्नो यांना मृत्यूंचे आकडे मिळाले ते त्यांच्याच कार्यालयातून, आणि १८६६ च्या साथीत पूर्व लंडनच्या पाणीपुरवठ्यावर बोट ठेवणाऱ्यांत फार स्वतः होते. स्नो तोपर्यंत हयात नव्हते.

एवढ्यावर हा पाठ संपविण्याची प्रथा आहे. परंतु त्याचा उत्तरार्ध गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशात घडला. तळी व उथळ विहिरी यांचे दूषित पाणी टाळावे म्हणून १९७० नंतर बांगलादेशात कूपनलिका व हातपंप यांचा मोठ्या प्रमाणावर प्रसार झाला. लंडनच्या अनुभवाचेच हे अनुसरण होते, आणि जंतूंच्या दृष्टीने ते पाणी निश्चितच अधिक सुरक्षित होते. परंतु भूगर्भातील अलीकडच्या गाळाच्या थरांत आर्सेनिक होते, ज्याच्या एका संयुगाला मराठीत सोमल म्हणतात. सेंद्रिय द्रव्याच्या सान्निध्यात प्राणवायूचा अभाव झाला, की लोहाच्या संयुगांना चिकटलेले आर्सेनिक सुटून पाण्यात उतरते. त्याला रंग नाही, वास नाही, चवही नाही. आणि त्वचेवर लक्षणे उमटण्यास कित्येक वर्षे लागतात. कलकत्त्यातील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधील असे रुग्ण १९८३ मध्येच ओळखले होते. बांगलादेशात या दूषिततेवर शिक्कामोर्तब झाले ते १९९३ मध्ये. गाळ एकच, नद्या त्याच. मध्ये होती ती केवळ राजकीय सीमा. भूस्तर सीमा मानीत नाहीत हे भूगोलाच्या पहिल्या वर्षातच शिकविले जाते. त्या ज्ञानाचा येथे उपयोग व्हावयास दहा वर्षे लागली.

त्या दहा वर्षांच्या आत, १९९२ मध्ये, ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने बांगलादेशातील १५० विहिरींचे पाणी तपासले होते. तपासलेल्या द्रव्यांत आर्सेनिकचा समावेश नव्हता. पुढे एका बांगलादेशी ग्रामस्थाने इंग्लंडमध्ये दावा लावला. २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने असा निर्णय दिला, की त्या ग्रामस्थाप्रत संस्थेचे काळजी घेण्याचे कायदेशीर कर्तव्य नव्हते. कायद्याच्या कक्षेत प्रश्न तेथे मिटला. ज्ञानाच्या कक्षेत तो मिटत नाही. एखादे द्रव्य ‘आढळले नाही’ आणि ते ‘शोधले नाही’ ही दोन विधाने अगदी भिन्न आहेत. पण नकाशावर दोहोंचे चिन्ह एकच असते, ते म्हणजे रिकामी जागा.

पुढील पाहणी अधिक व्यापक होती. २००१ च्या अहवालानुसार देशातील ३,५३४ विहिरी तपासण्यात आल्या आणि उथळ विहिरींपैकी २७ टक्के विहिरींत लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक निघाले. या पाहणीने संकटाचा विस्तार प्रथमच नीट दाखविला, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु तिच्यात सरासरी ३७ चौरस किलोमीटरांस एक विहीर पडते, आणि दोन विहिरींमधील प्रदेश नकाशावर अनुमानाने रंगविला जातो. आराइहाजार भागात सुमारे २५ चौरस किलोमीटरांतील ६,००० विहिरी एकेक करून तपासल्या गेल्या, तेव्हा विषारी आणि सुरक्षित विहिरी एकाच वाडीत शेजारीशेजारी असल्याचे दिसले. बहुतेकांच्या घरापासून १०० मीटरांच्या आत सुरक्षित विहीर होती. देशाच्या नकाशावरील गडद पट्टा पाहून तेथील रहिवाशाने निराश व्हावे, तर उपाय शेजारच्या अंगणात. फिकट पट्टा पाहून निश्चिंत व्हावे, तर विष कदाचित स्वतःच्याच अंगणात. विहिरींना लाल व हिरवा रंग लावण्याची मोहीम म्हणूनच या नकाशाहून गावकऱ्याच्या अधिक उपयोगी पडली. त्यापुढेही एक प्रश्न उरलाच. शेजारची हिरवी विहीर दुसऱ्याच्या अंगणात असते, आणि तेथवर जाऊन पाणी आणावयाचे असते ते स्त्रीने. भूगोलाच्या अभ्यासक फरहाना सुलताना यांनी या अडचणींचे विवेचन केले आहे. १०० मीटर हे अंतर सर्वांना सारखे नसते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की भूगोलाच्या अध्यापकाने रसायनज्ञ व्हावे काय? पदव्युत्तर वर्गाचे तास मोजके, अभ्यासक्रम मोठा. तेव्हा स्नो यांची सुटसुटीत कथा सांगण्यात हानी ती कोणती? आक्षेपात तथ्य आहे. एका माणसाने सर्व शास्त्रे आत्मसात करावीत ही अपेक्षा व्यर्थ होय. परंतु येथे मागितले जात आहे ते अधिक शास्त्रांचे ज्ञान नव्हे. नमुना किती, मोजले काय, मोजले नाही काय, आणि दोन बिंदूंमधील रंग कशाच्या आधारे भरला, हे प्रश्न नकाशाशास्त्राचेच आहेत. सुटसुटीत कथेची हानी अशी, की ती विद्यार्थ्याला हे प्रश्न विचारण्याची सवयच लागू देत नाही. आणि हाच विद्यार्थी उद्या जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात किंवा भूजल सर्वेक्षणात नकाशे करावयास बसतो.

महाराष्ट्रात ही गोष्ट परकी नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर येथेही कूपनलिका व हातपंप झपाट्याने वाढले. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते, आणि तेही पाणी दिसावयास निर्मळच असते. तेथील गावांचा नकाशा विद्यार्थ्याकडून करून घेणे हे अध्यापकाचे निम्मे काम झाले. त्याच नकाशावर न तपासलेल्या विहिरींसाठी वेगळे चिन्ह वापरावयास लावणे, अपवादभूत दोन-चार घरी विद्यार्थ्याला स्वतः पाठविणे, आणि प्रबंधाच्या परीक्षणात ‘काय शोधले नाही’ या प्रकरणाला गुण देणे, हे उरलेले निम्मे होय. यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही, वेगळे अनुदानही लागत नाही. दुभाष्या दोन्ही पक्षांचे म्हणणे प्रमाण मानून चालतो. या अध्यापकाने मात्र दोन्ही पक्षांना पुरावा मागावयाचा आहे, आणि त्याचा प्रारंभ स्वतःच्या भिंतीवरील नकाशापासून करावयाचा आहे.