जुन्या मालिका, नवी स्पष्टता

विज्ञानकथांवर आधारलेल्या जुन्या दूरचित्रवाणी मालिका आता 'हाय डेफिनिशन' म्हणजे उच्च स्पष्टतेच्या रूपात पाहायला मिळतात. जुन्या संचावर धूसर दिसणारे अंतराळयान नव्या पडद्यावर खिडक्यांसकट लख्ख दिसते. पाहणारा सुखावतो. विज्ञान शिकवणाऱ्याला मात्र एक प्रश्न पडायला हवा. जे तपशील तेव्हा दिसत नव्हते, ते आज आले कुठून? पासपोर्टच्या आकाराच्या फोटोची झेरॉक्स कितीही मोठी केली तरी चेहऱ्यावरचा तीळ नव्याने उमटत नाही. मग इथे काय घडते?

याचे उत्तर प्रत्येक मालिकेच्या बाबतीत वेगळे आहे. तीन अमेरिकी मालिकांची नवी रूपे शेजारी ठेवली की फरक ध्यानात येतो, आणि त्यांतले कोणते काम चांगले हेही ठरवता येते.

फिल्म आणि फीत

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ही मालिका १९८७ ते १९९४ या काळात प्रसारित झाली. तिचे १७८ भाग आहेत. चित्रण ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर झाले, पण संकलन आणि ट्रिकदृश्यांची जोडणी वेळ व पैसा वाचवण्यासाठी व्हिडिओफितीवर केली गेली. गोम इथेच आहे. फिल्मवरच्या रासायनिक थरात पुष्कळ बारीक तपशील नोंदला जातो. अमेरिकी पद्धतीच्या फितीवर मात्र चित्रासाठी साधारण ४८० रेषाच उपलब्ध असतात. अशा चित्राचे अंकीय रूप ७२० × ४८०, म्हणजे ३,४५,६०० बिंदूंचे होते. त्याच ४:३ आकाराचे उच्च स्पष्टतेचे चित्र १४४० × १०८०, म्हणजे १५,५५,२०० बिंदूंचे असते. गुणोत्तर साडेचार पट. नुसती फीत ताणली असती तर एका बिंदूच्या जागी साडेचार बिंदू शेजाऱ्यांची सरासरी काढून भरावे लागले असते. चित्र मोठे झाले असते, माहिती तेवढीच राहिली असती.

सीबीएस कंपनीने तो मार्ग सोडला आणि मूळ निगेटिव्ह बाहेर काढल्या. पंचवीस हजारांहून अधिक रिळे धुंडाळून प्रत्येक भागाचे संकलन जुन्या भागाबरहुकूम पुन्हा केले. यानाच्या दृश्यांचे काम तर पाहण्यासारखे आहे. यान म्हणजे काही फूट लांबीची प्रतिकृती. संगणकाने चालवलेला कॅमेरा तिच्यासमोरून अगदी त्याच मार्गाने अनेकदा फिरवला जाई. एकदा यानाच्या अंगावरील प्रकाशासाठी, एकदा खिडक्यांतल्या दिव्यांसाठी, एकदा इंजिनांच्या झळाळीसाठी. पूर्वी फितीवर जोडलेली ही वेगवेगळी चित्रणे आता संगणकात पुन्हा जोडली गेली. म्हणजे २०१२ ते २०१४ या काळात बाहेर आलेल्या या आवृत्तीत यानावर जे बारकावे दिसतात, ते बहुतेक भिंगाने त्या वेळीच टिपलेले आहेत. किरणांचे झोत वगैरे गोष्टी फक्त फितीवरच तयार झाल्या होत्या, त्या मात्र नव्याने कराव्या लागल्या. 'सिन्स ऑफ द फादर' या भागातील १३ सेकंदांची निगेटिव्ह सापडली नाही. तेवढा तुकडा जुन्या फितीवरूनच मोठा केला आहे आणि तो लगेच ओळखू येतो.

स्पष्टतेची किंमतही मोजावी लागली. यंत्रफलकांवर दिव्यांची चकाकी येऊ नये म्हणून सेटवर काळे कागद चिकटवलेले असत. घरच्या संचावर ते कधीच दिसणार नाहीत, असा हिशेब होता. आता दिसतात. चित्र रुंद करून नव्या पडद्यांना भरून टाकण्याचा मोहही टाळला, कारण निगेटिव्हच्या कडेला चित्रीकरणाची साधने दिसली असती. आमच्या मते हे तिन्हींतले सर्वांत चांगले काम आहे. जे नोंदले गेले होते ते पूर्ण दाखवायचे आणि कमीत कमी भर घालायची, हा नियम त्यात बऱ्याच अंशी पाळला आहे.

सुधारणा की बदल?

मूळ 'स्टार ट्रेक' (१९६६ ते १९६९, ७९ भाग) आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर दाखवली गेली. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिल्मवरच तयार झाली होती, त्यामुळे काम सोपे असायला हवे होते. अडचण ट्रिकदृश्यांची होती. त्या काळी एकावर एक चित्र बसवताना प्रतीची प्रत काढावी लागे, आणि दर प्रतीबरोबर चित्र अधिक रवाळ होई. २००६ च्या आवृत्तीत ही दृश्ये स्वच्छ करण्याऐवजी बहुतांशी काढूनच टाकली आणि त्या जागी संगणकाने काढलेली नवी दृश्ये बसवली.

नवी दृश्ये देखणी आहेत, पण आम्हाला ती खटकतात. या मालिकेचे पहिले पर्व एप्रिल १९६७ मध्ये संपले. तोपर्यंत संपूर्ण पृथ्वीचे रंगीत छायाचित्र कुणी घेतलेले नव्हते. पडद्यावरचे एकरंगी, गुळगुळीत ग्रह म्हणजे त्या काळच्या माणसांनी केलेली कल्पना होती. नव्या आवृत्तीतल्या ग्रहांवर ढगांचे पट्टे आणि समुद्र आहेत, ते उपग्रहांनी आपल्याला दाखवल्यानंतरचे. थोडक्यात, २००६ चे ज्ञान १९६६ च्या नावावर जमा झाले. 'तेव्हा लोक काय समजत होते' हे वर्गात दाखवू पाहणाऱ्या शिक्षकाचा पुरावाच त्यामुळे नाहीसा होतो. २००९ च्या ब्लू-रे तबकड्यांवर जुनी आणि नवी, दोन्ही दृश्ये निवडण्याची सोय दिली, हे योग्य झाले.

जे जपलेच नाही

'बॅबिलॉन ५' (१९९३ ते १९९८) हिची गोष्ट उलटी आहे. हिच्यात प्रतिकृती नव्हत्याच. याने आणि अंतराळस्थानक संगणकावर तयार केले होते, तेही त्या काळच्या दूरचित्रवाणीला पुरेल इतक्याच स्पष्टतेचे. माणसांची दृश्ये फिल्मवर होती. संगणकातल्या मूळ फायली पुढे जपल्या गेल्या नाहीत. डीव्हीडीसाठी चित्र रुंद करताना ही दृश्ये वरून-खालून कापून ताणली आणि ती अधिकच धूसर झाली. २०२१ मध्ये आलेल्या आवृत्तीत मूळ ४:३ आकार परत आणला, फिल्मचा भाग नव्याने उतरवला आणि संगणकीय दृश्ये आहेत त्यांतूनच मोठी केली. त्यामुळे माणसे लख्ख दिसतात आणि पुढच्याच क्षणी यान मऊसर दिसते. हा धक्का जाणवतो, पण तो प्रामाणिक आहे. अधिक 'आधुनिक' तंत्राने केलेला भाग इथे अधिक हरवला, आणि जुन्या पद्धतीची फिल्म टिकली, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र मोठे करणारी साधने आली आहेत. ती लाखो चित्रांवरून शिकतात आणि 'अशा जागी बहुधा काय असते' ते भरतात. विटांची भिंत छान जमते. पण फलकावरची धूसर अक्षरे मोठी केली तर अनेकदा अक्षरांसारख्या आकृत्या उमटतात, वाचता येईल असे काही नाही. कारण तो अंदाज आहे, नोंद नाही. मनोरंजनासाठी तो चालेल. पुरावा म्हणून चालणार नाही.

हा भेद वर्गात सहज दाखवता येईल. एक लहान चित्र आलेख कागदावर दहा बाय दहा चौकोनांत काळे-पांढरे उतरवायला सांगावे. मग मूळ चित्र न दाखवता दुसऱ्या गटाला ते वीस बाय वीस चौकोनांत 'अधिक स्पष्ट' करायला सांगावे. शेवटी तिन्ही शेजारी ठेवावीत. कोणते तपशील मुळात होते आणि कोणते मुलांनी मनाने घातले, यावर चर्चा घडवावी.

प्रयोगवहीबद्दलही त्याच तासाला बोलावे. आपल्याकडे मुले निरीक्षणे कच्च्या कागदावर लिहितात, पक्क्या वहीत नीटनेटकी उतरवतात आणि कच्चा कागद फेकून देतात. आपण गुण देतो तेही पक्क्या वहीला. 'नेक्स्ट जनरेशन'ची फीत ही पक्की वही होती आणि निगेटिव्ह हा कच्चा कागद. पंचवीस वर्षांनी उपयोगी पडला तो कच्चा कागदच. तो पक्क्या वहीलाच टाचून ठेवण्याची सवय या वर्षी लावून पाहावी, आणि तपासताना त्यालाही थोडे गुण ठेवावेत.